सर्दीवरची गोळी आणि उन्हाळीचा जंतू

नमस्कार श्रोतेहो.

लघवीला आग व्हायला लागली की आपण म्हणतो, 'उन्हाळी लागली'. शब्द छान आहे, पण तो सगळा दोष उन्हावर ढकलतो. पाणी कमी पडून लघवी दाट झाली तर आग होते, हे खरंच. चार-पाच पेले पाणी पोटात गेलं की ती थांबते. पण दर दहा मिनिटांनी उठावंसं वाटतंय, गेलं तर थेंबभरच होतंय, ओटीपोट ठणकतंय, लघवी गढूळ दिसतेय, अशा वेळी बहुतेकदा आत जिवाणू असतो. आणि तो ऋतू बघून येत नाही.

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते. रुग्ण मला सहसा दिसत नाहीत, त्यांच्या बाटल्या दिसतात. आलेल्या लघवीतला अगदी कणभर भाग, 1 मायक्रोलिटर, म्हणजे मिलिलिटरचा हजारावा हिस्सा, तारेच्या बारीक कड्यानं उचलून आम्ही पोषक थाळीवर ओढतो. थाळी रात्रभर साधारण 37 अंशाच्या उबेत राहते. अनुकूल परिस्थितीत हा जिवाणू 20 मिनिटांत दुप्पट होतो, त्यामुळे संध्याकाळी जो डोळ्यांना दिसणंच शक्य नव्हतं, त्याचा सकाळी टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका झालेला असतो. असे 100 ठिपके मोजले की हिशेब सोपा: मिलिलिटरमध्ये 1 लाख जिवाणू. कल्चरच्या रिपोर्टवर जो मोठा आकडा असतो, तो असा येतो.

या थाळीवर बहुतेक सकाळी एकच पाहुणा भेटतो, ई. कोलाय. साध्या मूत्रसंसर्गांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश याच्यामुळे होतात. थिओडोर एशरिख या बालरोगतज्ज्ञानं 1885 मध्ये त्याचं वर्णन केलं, तेही तान्ह्या बाळांच्या शौचातून. म्हणजे याचं खरं घर आपलं आतडं. तिथे तो बिनतक्रार राहतो, आपलं काही बिघडवत नाही. तिथून मूत्रमार्गाच्या तोंडापर्यंतचं अंतर फार नाही, आणि बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटिमीटरचा. ई. कोलायच्या अंगावर केसांसारखे तंतू असतात. त्यांनी तो मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला घट्ट चिकटतो, म्हणून लघवीच्या प्रवाहाबरोबर सगळेच्या सगळे वाहून जात नाहीत.

आता मला जे सांगायचंय ते इथे सुरू होतं. मूत्राशयात शिरलेला जंतू बाहेरून कुठून आलेला नसतो, तो बहुधा तुमच्याच आतड्यातला असतो. मग तुमच्या आतड्यानं गेल्या वर्षभरात काय काय पाहिलंय, याला महत्त्व येतं.

समजा, तीन महिन्यांपूर्वी सर्दी झाली होती. सर्दी विषाणूची, तिच्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, पण घरात उरलेल्या गोळ्या होत्या, घेतल्या. सर्दी तिच्या वेळेनं गेली. गोळी मात्र नुसती नाकापर्यंत जाऊन थांबत नाही, ती आतड्यातूनही जाते. तिथे सुक्याबरोबर ओलंही जळतं. औषधाला बळी पडणारे बिचारे मरतात, आणि त्यांच्यातच लपलेले दोन-चार चिवट जिवाणू मोकळ्या झालेल्या जागेवर पसरतात. अभ्यासांत दिसलंय की अँटिबायोटिक घेतल्यावर पहिल्या एक-दोन महिन्यांत असे प्रतिरोधक जिवाणू सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते, आणि हा परिणाम 12 महिन्यांपर्यंत टिकू शकतो. म्हणजे आज उन्हाळीवर लिहून दिलेली गोळी लागू पडणार की नाही, हे कधी कधी त्या सर्दीच्या वेळीच ठरून गेलेलं असतं.

हा चिवटपणा जिवाणूंनी कालपरवा शोधलेला नाही. 1940 मध्ये ऑक्सफर्डच्या एडवर्ड एब्राहम आणि अर्न्स्ट चेन यांनी पेनिसिलिनचे तुकडे करणारं एक विकर, म्हणजे एन्झाइम, जिवाणूत सापडल्याचं जाहीर केलं. तो जिवाणू होता आपला ई. कोलाय. गंमत बघा, आजारी माणसाला बरं करण्यासाठी पेनिसिलिन पहिल्यांदा टोचलं गेलं ते 1941 च्या फेब्रुवारीत, ऑक्सफर्डच्याच एका पोलिसाला. औषध इतकं तोकडं होतं की त्याच्या लघवीतून बाहेर पडलेलं पेनिसिलिन वेगळं काढून पुन्हा त्यालाच दिलं. तरी साठा संपला आणि तो वाचला नाही. औषध रुग्णापर्यंत पोचायच्या आधी त्याची कात्री तयार होती!

शिवाय ही कात्री जिवाणू आपल्यापुरती ठेवत नाही. मुख्य गुणसूत्राखेरीज त्याच्याकडे डीएनएची छोटी सुटी कडी असतात, त्यांना प्लास्मिड म्हणतात. शेजारच्या जिवाणूला चिकटून तो त्या कड्याची नक्कल त्याला देतो. शेजारी वेगळ्या जातीचा असला तरी चालतं. जपानमध्ये 1959 साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की ई. कोलाय आणि हगवणीचा जंतू यांच्यात एकाच वेळी अनेक औषधांचा प्रतिरोध असा हातोहात दिला जातो. 'अनेक' हा शब्द इथे नीट ऐका. एकाच कड्यावर चार-पाच औषधांविरुद्धची जनुकं बसलेली असू शकतात. त्यामुळे तुम्ही औषध एक घेता, पण आतड्यात निवड होते ती पाचही औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूची. 'ते औषध तर मी आयुष्यात घेतलेलं नाही, मग रिपोर्टमध्ये ते निकामी कसं?' असं लोक विचारतात, त्याचं एक उत्तर हे.

हे थाळीवर बघायला मिळतं. सापडलेला जिवाणू दुसऱ्या थाळीभर सारवायचा आणि त्यावर औषधाच्या कागदी चकत्या ठेवायच्या, प्रत्येक 6 मिलिमीटरची. दुसऱ्या दिवशी जिवाणूची दाट साय पसरलेली असते, आणि लागू पडणाऱ्या औषधाभोवती स्वच्छ गोल रिकामा. निकामी औषधाच्या चकतीला साय अगदी कडेपर्यंत भिडलेली. काही थाळ्यांवर एक विचित्र आकार दिसतो. सेफॅलोस्पोरिन गटातल्या औषधाचा गोल शेजारच्या क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडवाल्या चकतीच्या बाजूला ताणला जातो, जुन्या कुलपाच्या किल्लीच्या भोकासारखा. क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड कात्री अडवतं, म्हणून तेवढ्याच बाजूला औषधाला काम करता येतं. या जिवाणूंना, म्हणजे सेफॅलोस्पोरिनही कापणारी कात्री बाळगणाऱ्यांना, ईएसबीएलवाले म्हणतात. इतकी वर्षं झाली, पण तो आकार दिसला की अजूनही माझं मन खट्टू होतं, कारण तोंडानं घ्यायच्या पुष्कळ गोळ्या त्या क्षणी यादीतून बाद होतात.

रिपोर्ट हातात आल्यावर लोक एक चूक हमखास करतात. चकत्यांसमोरचे आकडे एकमेकांशी ताडून बघतात आणि 'याचा गोल मोठा, म्हणजे हेच जालीम' असं ठरवून मोकळे होतात. तसं नसतं. प्रत्येक औषधाचा उत्तीर्ण व्हायचा आकडा वेगळा. औषध कुठे पोचतं हेही बघावं लागतं. नायट्रोफ्युरँटॉइन हे 1950 च्या दशकातलं जुनं औषध. ते लघवीत भरपूर उतरतं आणि जिवाणूवर एकदम अनेक ठिकाणी घाव घालतं, म्हणून इतक्या वर्षांनीही ते टिकून आहे. पण रक्तात आणि मूत्रपिंडात ते पुरेसं साचत नाही. हुडहुडी भरून ताप आला, पाठीत बरगडीखाली दुखतंय, उलट्या होतायत, तर जंतू मूत्रपिंडापर्यंत गेला असण्याची शक्यता आहे. तिथे हे चालत नाही, आणि घरी वाट बघणंही चालत नाही, त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

नवी औषधं येतच नाहीत असं नाही. मार्च 2025 मध्ये अमेरिकेत जेपोटिडॅसिन नावाच्या गोळीला साध्या मूत्रसंसर्गासाठी परवानगी मिळाली. या आजारासाठी नव्या गटातली तोंडावाटे घ्यायची गोळी यायला जवळपास 30 वर्षं लागली. हा वेग आणि 20 मिनिटांत दुप्पट होणारा जिवाणू, दोन्ही शेजारी ठेवून बघा.

एका गोष्टीचा मला मनापासून राग येतो. आजी-आजोबांना काही त्रास नाही, ताप नाही, जळजळ नाही. केवळ लघवीला वास येतो किंवा 'एकदा सगळंच तपासून घेऊ' म्हणून कल्चर होतं. त्यात जंतू सापडतात, कारण म्हातारपणी आणि कॅथेटर असताना ते पुष्कळांच्या लघवीत असतातच. मग रिपोर्टवर इलाज सुरू होतो, माणसावर नाही. त्रास नसताना सापडलेल्या जंतूंना सहसा औषध द्यायचं नसतं. गरोदरपण आणि मूत्रमार्गावरच्या काही शस्त्रक्रियांची तयारी, हे त्यातले मुख्य अपवाद.

आणि 'जास्त दिवस घेतलं तर जास्त बरं' हा हिशेबही डोक्यातून काढा. साध्या मूत्राशयाच्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन बहुधा 5 दिवस पुरतं, फॉस्फोमायसिनचा तर एकच डोस असतो. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करा, आणि चुकून गोळ्या उरल्याच तर त्या पुढच्या सर्दीसाठी डब्यात जपून ठेवू नका.

उद्या तुम्हाला नमुना द्यायचा असेल, तर तो अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी द्या. सुरुवातीची धार सोडून मधली धार धरा. बाटली दोन तासांत प्रयोगशाळेत पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. खोलीच्या उबेत पडलेल्या बाटलीतही जिवाणू वाढत राहतात आणि आमचा आकडा खोटा ठरतो. डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा गेल्या वर्षभरात घेतलेल्या अँटिबायोटिकची नावं सांगा. आठवत नसतील तर रिकामी पाकिटं घेऊन जा. घशासाठी घेतलेलं, दाताच्या वेळी घेतलेलं, सगळं सांगा. 'त्याचा लघवीशी काय संबंध' म्हणून नेमकं तेच सांगायचं राहून जातं.

नमस्कार.