दोन माणसांमधली रिकामी जागा

वाईडस्क्रीन, म्हणजे सिनेमाची रुंद फ्रेम, म्हटलं की लोक लगेच डोंगर, वाळवंट, घोडे यावर बोलायला लागतात, मला आज दोन माणसांमधल्या अंतराबद्दल बोलायचंय, कारण रुंद फ्रेमने सिनेमाला खरं काय दिलं असेल तर ते हे अंतर.

इतिहास पटकन सांगतो. १९५० च्या आसपास अमेरिकेत टीव्ही घरोघरी जायला लागला, थिएटरं ओस पडायला लागली, आणि सिनेमाच्या फ्रेमची रुंदी-उंची तेव्हा १.३७ : १, म्हणजे जवळजवळ टीव्हीएवढीच चौकोनी, मग घरी दिसत नाही असं काहीतरी दाखवणं भागच होतं. १९५२ ला सिनेरामा आला, तीन प्रोजेक्टर, वळवलेला प्रचंड पडदा, भन्नाट प्रकार, पण भयंकर खर्चिक आणि तीन चित्रांमधले सांधे दिसायचे. १९५३ ला ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सने सिनेमास्कोप आणलं, त्याच्या मुळाशी होती आंरी क्रेतियाँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकातच बनवलेली अ‍ॅनामॉर्फिक लेन्स, जिला इतकी वर्षं कुणी फारसं विचारलंच नव्हतं!

ही लेन्स चित्र आडवं निम्म्यावर दाबते, उंची तशीच ठेवते. निगेटिव्ह उजेडात धरून बघा, माणसं बांबूसारखी उंच आणि काटकुळी दिसतात, मग थिएटरात प्रोजेक्टरला उलटं काम करणारी लेन्स लावली की सगळं सरळ. फिल्म तीच नेहमीची ३५ एमएमची, म्हणून प्रकरण टिकलं. सुरुवातीच्या लेन्समध्ये क्लोजअपला चेहरे सुजल्यासारखे रुंद यायचे, पुढे पॅनाव्हिजन कंपनीच्या लेन्सनी ते निस्तरलं.

आता आपल्या मुंबईत या. १९५९, ‘कागज के फूल’, भारतातला पहिला सिनेमास्कोप. गुरुदत्त आणि कॅमेरामन व्ही. के. मूर्ती यांच्या हातात एवढी रुंद फ्रेम आली आणि त्यांनी ती नेली कुठे, तर स्टुडिओच्या रिकाम्या अंधाऱ्या फ्लोअरवर. त्यातलं ‘वक्त ने किया’ हे गाणं आठवा, मूर्तींनी मोठे आरसे लावून बाहेरचं ऊन आत घेतलं, तो झोत तिरका खाली येतो, आणि नायक-नायिका लांब लांब उभी, मधे फक्त उजेड आणि धूळ. चौकोनी फ्रेममध्ये एकतर दोघांना जवळ आणायला लागतं नाहीतर आलटून पालटून कट मारायला लागतात. इथे दोघं एकाच शॉटमध्ये आहेत आणि तरी एकत्र नाहीत, हे मला आजही थोर वाटतं. पिक्चर तेव्हा पडला, हे दुःख वेगळंच.



या रुंद फ्रेमचे सगळ्यात जास्त हाल टीव्हीने केले. सिनेमास्कोपची फ्रेम जुन्या टीव्हीच्या चौकटीत भरायची तर चाळीस टक्क्यांहून जास्त चित्र कापायला लागतं, म्हणजे दोन टोकांना उभी असलेली दोघं असतील तर एकजण गेलाच, किंवा मग मशीनवर फ्रेम इकडून तिकडे सरकवायची, दिग्दर्शकाने कधी न घेतलेला पॅन! आणि आता मोबाईलवर काळ्या पट्ट्या नकोत म्हणून दोन बोटांनी चित्र ताणता तेव्हा तुम्हीही कडा कापताच, प्लीज नका करू.

आता ते गाणं लावतोय, पूर्ण रुंदीत. पुढच्या रांगा रिकाम्या आहेत, मागच्यांनी पुढे या.