स्वल्पविराम मेनफ्रेमवर येतो तेव्हा

(दृश्य: संध्याकाळ, ऐरोली स्थानक. ट्रान्स-हार्बर लोकल रिकामी होते.)

रात्रपाळीची मंडळी उतरली. यातल्या काहींच्या स्क्रीनवर आता पहाटेपर्यंत कोबॉल असेल. १९५९ साली आकाराला येऊ लागलेली ही प्रोग्रामिंगची भाषा, आणि परदेशातल्या अनेक बँकांच्या मेनफ्रेमवर, म्हणजे मोठ्या केंद्रीय संगणकांवर, हिशेब अजून तिच्यावरच चालतात.

कोबॉलला सवय ठरलेल्या जागांची. पहिले ३० बाइट नावाचे, पुढचे १५ शहराचे. नाव छोटं असेल तर उरलेल्या जागी स्पेस. पण बाहेरून येते ती सीएसव्ही फाइल. तिथे लांबी कुणी पाळत नाही, दोन माहितींच्या मध्ये फक्त स्वल्पविराम.

(दृश्य: स्क्रीनवर हेक्स डंप, म्हणजे फाइलमधलं प्रत्येक अक्षर कोडच्या रूपात.)

पीसीवर स्वल्पविराम म्हणजे २सी, मेनफ्रेमच्या एबसिडिक या अक्षर-कोडांच्या पद्धतीत ६बी. फाइल चुकून बायनरी मोडमध्ये, म्हणजे कोड न बदलता चढवली, तर प्रोग्रामला एकही खरा स्वल्पविराम सापडत नाही आणि ओळीची सुरुवातच पहिल्या रकान्यात जाऊन बसते. हे निदान लगेच दिसतं तरी.

ओळ तोडायचं काम कोबॉलच्या अनस्ट्रिंग या आज्ञेचं. डिलिमिटेड बाय स्वल्पविराम (कुठे तोडायचं), इनटू नाव, पत्ता, फोन (कुठे ठेवायचं). लिहायला दोन मिनिटं लागतात. आता ठाण्याचा एखादा पत्ता घ्या: "फ्लॅट १२, गोखले रोड, नौपाडा". अवतरणचिन्हांत आहे, पण अनस्ट्रिंगला अवतरण कळत नाही. पत्त्याचे तीन तुकडे होतात आणि फोनच्या रकान्यात गोखले रोड येतो. मग एकेक अक्षर तपासणारा लूप लिहावा लागतो: अवतरण उघडलं की फ्लॅग (खूण) चढवायचा, बंद होईपर्यंत स्वल्पविराम सोडून द्यायचे. त्यापेक्षा पाठवणाऱ्याकडून पाइप चिन्हाची (|) फाइल मागवणं बरं, असं जुने लोक सांगतात. तेही कोडपेज (अक्षर-कोडांचा तक्ता) विचारूनच, कारण पाइपचा कोड ०३७ या कोडपेजमध्ये ४एफ आणि ५०० मध्ये बीबी.

डिलिमिटेड बायच्या पुढे कुणी हौसेने ऑल लिहिलं, तर लागोपाठचे दोन स्वल्पविराम एकच धरले जातात. मधला रकाना रिकामा होता, हे गायब. पुढचं सगळं एकेक घर डावीकडे सरकतं.

(दृश्य: दोन रेकॉर्ड एकाखाली एक.)

सगळ्यात वाईट प्रकार मात्र हा. ओळीत रकाने कमी निघाले, तर अनस्ट्रिंग उरलेल्या जागांना हातच लावत नाही. तिथे मागच्या रेकॉर्डची माहिती तशीच राहते. म्हणजे या ग्राहकाच्या नावापुढे आधीच्या ग्राहकाचा फोन! एरर नाही, अबेंड (प्रोग्राम मध्येच बंद पडणं) नाही, रिटर्न कोड शून्य, म्हणजे सगळं ठीक. एस-झिरो-सी-सेव्हन हा चुकीच्या आकड्याचा अबेंड परवडला, तो निदान जॉब पाडतो.

म्हणून प्रत्येक ओळीआधी सगळ्या जागा इनिशियलाइझ, म्हणजे कोऱ्या करायच्या, आणि टॅलीइंगने किती रकाने भरले ते मोजायचं. टॅलीइंगचा काउंटर स्वतःहून शून्य होत नाही, तोही आपणच करायचा. रक्कम आधी साध्या अक्षरी जागेत घ्यायची, मग न्यूमव्हॅलने आकडा करायचा. पिक नाइन, म्हणजे आकड्यांच्या जागेतला दशांश छुपा असतो, फाइलमधला खराखुरा टिंब तिथे चालत नाही.

मोजणी जुळली नाही, ती ओळ रिजेक्ट फाइलला. सकाळच्या पाळीने ती पाठवणाऱ्याकडे परत धाडायची.