काटा आपल्या दारात

नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातून बोलते आहे. घरी साडेतीन एकर कोरडवाहू, बारा बकऱ्या, दोन बोकड आणि परसात पन्नासेक कोंबड्या. भाषण मी कधी केलेलं नाही, बाजारात घासाघीस मात्र पुष्कळ केली. तेव्हा बकऱ्या-कोंबड्या विकताना आपला भाव कसा राखायचा, ते त्याच बोलीनं सांगते.

रोहिणी लागल्या की आमच्या गावात एक मोटरसायकल येते. मागं लोखंडी पिंजरा बांधलेला. "वयनी, बोकड हाय का इकाले?" म्हणत व्यापारी ओट्यावर टेकतो. काही वर्षांपूर्वी असाच तो आमच्याकडे आला. मी त्याला चहा दिला. त्यानं बोकडाच्या पाठीवरून हात फिरवला, कमरेच्या हाडाजवळचं मांस चिमटीत धरून पाहिलं, दात पाहिले आणि म्हणाला, "साडेपाच हजार. उक्ते, न तोलता." मी आठ म्हटलं. तो हसला आणि उठायला लागला. मीच त्याला थांबवलं, कारण सोयाबीनचं बियाणं आणायचं होतं. पुढच्या बाजाराला माझ्या दिरानं तोच बोकड नऊ हजारांना जाताना पाहिला. त्याला वाटलं आम्हीच विकतोय, म्हणून मला विचारायला आला.

नंतर मला एक गोष्ट आठवली. त्या माणसानं बोकडाकडे पाहण्याच्या आधी आमच्या ओट्याकडे पाहिलं होतं. मृग तोंडावर आणि ओट्यावर बियाण्याची एकही थैली नाही. त्याला आमची गरज अचूक वाचता आली, आणि मला माझ्याच बोकडाचं वजन सांगता येत नव्हतं. माझे साडेतीन हजार तिथं गेले.

म्हणून आधी काट्याचं बोलते. टांगायचा ताणकाटा घ्या, साधा घ्या किंवा डिजिटल, पण वजनमापं खात्याचा शिक्का असलेला घ्या. जुन्या गोणपाटाची झोळी शिवा, चार पाय खाली राहतील अशी चार भोकं पाडा आणि ती छपराच्या आढ्याला टांगा. जनावर सकाळी, चाऱ्यापाण्याच्या आधी जोखा. भरल्या पोटानं दोन किलो सहज जास्त भरतात, आणि ही चलाखी घेणाऱ्याला तुमच्याआधी माहीत असते.

काटा नसेल तर शिंप्याचा टेप चालतो. पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर इंचात घ्या. खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या. घेराला घेरानं गुणा, त्याला लांबीनं गुणा आणि ६६० नं भागा. घेर २८ आणि लांबी २५ असेल तर साधारण पावणेतीस किलो येतात. किलो-दोन किलो इकडंतिकडं होतं, पण "उक्ते" म्हणणाऱ्यासमोर तुम्ही आंधळ्या राहत नाही.

आता पुढचा हिशोब. बोकड कापला की जिवंत वजनाच्या साधारण ४५ ते ५० टक्के मटण निघतं. २६ किलोच्या बोकडाचं बारा किलोच्या आसपास धरा. तुमच्या तालुक्यात मटण ७०० रुपये किलो असेल तर ते झालं ८,४०० रुपयांचं. मुंडी, पाय, वजडी वेगळी. खाटकाला दुकानाचं भाडं आहे, माणसाची मजुरी आहे, त्याला चार पैसे सुटलेच पाहिजेत. मी काही त्याचा घास काढा म्हणत नाही. पण मटणाचा भाव माहीत असला की जिवंत जनावराचा दर कुठवर खाली जाऊ द्यायचा, ते घरात बसून ठरवता येतं. आमच्या गावातले काही भाऊ अजून सांगतात, "बोकड डोळ्यानं जोखावा." त्यांचे डोळे चांगले असतील. व्यापाऱ्याचे त्याहून चांगले आहेत, तो रोज वीस बोकड पाहतो.

दुसरी गोष्ट, विकायची वेळ. मटणाची मागणी वर्षभर सारखी नसते हे तुम्हाला मी काय सांगावं! आखाडात मागणी असते, श्रावण लागला की सुरी थांबते. मग पोळा येतो, आणि आपल्या विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, घरोघरी मटण शिजतं. धुळवडीला तेच. मधे नवस, जावळं, कंदुरी चालू असतात. बकरी पाच महिन्यांची गाभण असते, म्हणजे १५० दिवस. करडू विकायजोगं व्हायला आणखी आठ-दहा महिने तरी धरा. हे मागं मोजत आलं की कोणत्या महिन्यात बोकड लावायचा ते कळतं. आम्ही आता दाराच्या पल्ल्यावर खडूनं लिहून ठेवतो. सासूबाईंना सुरुवातीला हे हास्यास्पद वाटलं. आता खडू संपला की त्याच ओरडतात.

बकरी ईदचं जरा सविस्तर सांगते, कारण सरळ गिऱ्हाइकाला विकण्यात सगळ्यांत चांगला पैसा मला तिथं मिळाला. हा सण चांद्र वर्षाप्रमाणं येतो, म्हणून दरवर्षी आपल्या कॅलेंडरात दहा-अकरा दिवस अलीकडं सरकतो. २०२४ साली तो १७ जूनला होता, २०२५ मध्ये ७ जूनला. मागच्या वर्षीची तारीख धरून बसाल तर चुकाल. घेणाऱ्याला बोकड वर्षाचा पुरा झालेला लागतो. तो दात पाहतो, दुधाचे मधले दोन पडून दोन कायमचे आले का ते बघतो. जनावर आंधळं, लंगडं नको, कान कापलेला नको, शिंग मुळातून मोडलेलं नको. म्हणून त्या बोकडांना मी दुसऱ्यांत मिसळत नाही, नाहीतर टकरीत शिंग जातं आणि गिऱ्हाईकही जातं. वय खोटं सांगायचं नाही. समोरच्याच्या धर्माचा प्रश्न असतो. दारव्ह्याचे एक सर तीन वर्षांपासून माझ्याकडूनच बोकड नेतात, कारण पहिल्या वर्षी मी त्यांना स्वतः सांगितलं होतं की हा दहा महिन्यांचा आहे, नेऊ नका. त्या दिवशी माझा सौदा मोडला. पुढच्या वर्षी ते मेहुण्याला घेऊन आले.

इसार घेतला असेल आणि बोकड ईदपर्यंत तुमच्याकडेच राहणार असेल, तर दोन गोष्टी आधी बोला. तोवरचा चारा कोणाचा, आणि जनावर मेलं तर नुकसान कोणाचं. एकदा आमच्याकडं हे बोलायचं राहिलं. बोकडाला पोटफुगी झाली, तो रात्रीतून गेला आणि सकाळी इसार परत करताना तोंड दाखवायची सोय नव्हती. आता वहीत लिहिते आणि समोरच्याची सही घेते. घेणारेही आता स्वतःहून वही मागतात.

बाजारात न्यायचं की घरूनच विकायचं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. घरून. बाजारात चार तालुक्यांची जनावरं एकमेकांना खेटून उभी असतात. न विकलेला बोकड संध्याकाळी परत आणला की पीपीआर, म्हणजे बकऱ्यांचा प्लेग, दावणीला आलाच समजा. आधी ताप, मग नाकातोंडातून पाणी, तोंडात फोड, हगवण, आणि आठवड्यात अर्धा कळप रिकामा. बाजारातून परत आलेलं किंवा नवीन आणलेलं जनावर तीन आठवडे वेगळं बांधा, त्याचं पाणी वेगळं, भांडं वेगळं. करडू चार महिन्यांचं झालं की पीपीआरची लस टोचून घ्या, पावसाळ्याआधी आंत्रविषाराची. सरकारी दवाखाना लांब असेल तर १९६२ या नंबरावर फोन करा. लस टोचल्याची तारीख मी विकताना सांगते. पाळायला पाठ, म्हणजे तरुण मादी, नेणाऱ्या बाया तर तीच आधी विचारतात.

पाळायला विकणं हे मटणासाठी विकण्याहून वेगळं. आपल्या वऱ्हाडाची स्वतःची बकरी आहे, बेरारी, अधिकृत नोंद झालेली जात. आपल्या उन्हाला, आपल्या बाभळी-बोरीच्या पाल्याला सोसणारी. चांगल्या मायची पाठ मटणाच्या भावानं का द्यायची? आई किती दूध देते, एकावेळी किती करडं देते, पहिलं वेत कोणत्या महिन्यात झालं, हे लिहून दिलं तर जास्त पैसे मागायला तोंड राहतं. कानातला बारा आकडी बिल्लाही लावून घ्या. राज्य सरकारनं २०२४ पासून जनावराच्या खरेदी-विक्रीला तो सक्तीचा केला आहे.

एक मात्र करू नका. घरच्या घरी बोकड कापून किलोनं मटण विकू नका. जिवंत जनावर विकणं हा एक धंदा आणि मांस विकणं हा दुसरा, त्याला नोंदणी लागते, जागा लागते, तपासणी लागते. आणि औषध दिलेलं जनावर लगेच कापायला देऊ नका. जंताचं औषध असो की इंजेक्शन, किती दिवस मांस खायचं नाही ते डॉक्टरला विचारा, बाटलीवरही लिहिलेलं असतं. ते दिवस सरल्याशिवाय मी बोकड खुंट्यावरून सोडत नाही.

आता कोंबड्या. कोंबडी म्हणजे बाईच्या हातातला रोकडा, पण तिथंही व्यापारी टोपली घेऊन कधी येतो? गावात मानमोडीचा रोग सुरू झाल्याची कुजबुज निघाली की. मग घाबरून शंभराच्या ठिकाणी चाळीसला कोंबडी जाते, आणि तीच टोपली रोग घेऊन पुढच्या गावी जाते. पिल्लू पाच ते सात दिवसांचं असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात-नाकात टाकला की ही वेळ यायची शक्यता कमी होते. लस बर्फात आणा, दुपारच्या उन्हात पिशवीत फिरवलेली लस म्हणजे नुसतं पाणी. मी कोंबडे विकते, तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, ठेवते, आणि खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवते. गावरान म्हणून गावरानच द्या. गिरिराज या सुधारित जातीचा रंगीत कोंबडा गावरान म्हणून खपवता येतो, एकदाच. शहरातल्या बाया आता पाय पाहतात, कलगी पाहतात, शिजायला किती वेळ लागला ते सांगायला परत येतात. आणि पाय बांधून, डोकं खाली लटकवून कोंबड्या नेणं आता तरी सोडू या. कायद्यानं मनाई आहेच, पण उलट्या लटकलेल्या कोंबडीला श्वास घेणं जड जातं, तेही पाहवत नाही.

मोबाइलवर फोटो टाकता तेव्हा बोकड बाजूनं पूर्ण दिसेल असा उभा करा, शेजारी माणूस उभा असू द्या म्हणजे उंची कळते. वजन, वय, दात लिहा. गोठ्याचा पत्ता मात्र लिहू नका. आमच्या शेजारच्या गावात कौतुकानं पत्त्यासकट फोटो टाकला आणि तिसऱ्या रात्री चार बकऱ्या गेल्या. गिऱ्हाइकाला आधी फोनवर बोलू द्या, मग दिवसाउजेडी बोलवा. पैशाचंही एक सांगते, राग मानू नका. बकऱ्या बाईनं राखायच्या, शेणलेंड्या तिनं काढायच्या आणि क्यूआर कोड घरधन्याच्या खात्याचा! आमच्याकडं दोन वर्षं असंच चाललं. शेवटी बचत गटाच्या बैठकीत विषय निघाला आणि सगळ्यांनी आपापल्या खात्याचे कोड काढून घेतले. घरच्यांनी आठ दिवस गाल फुगवले, मग रिचार्जला पैसे मागायला माझ्याकडेच आले.

उधारीबद्दल फार बोलत नाही. सोयऱ्याला उधार दिलेला बोकड आणि विहिरीत पडलेली चप्पल, दोन्ही दिसतात, हाती येत नाहीत.

आता यंदाचीच गोष्ट. रोहिणीत तीच मोटरसायकल आली. मी चहा दिला, झोळी टांगली, बोकड तोलला. एकतीस किलो. व्यापारी म्हणाला, "वयनी, काटा बरोबर हाय का तुमचा?" मी काही बोलले नाही. घरातून युरियाची न फोडलेली गोणी आम्ही दोघींनी उचलून आणली, मी आणि सासूबाईंनी, आणि काट्याला लावली. युरियाची गोणी ४५ किलोची असते हे त्यालाही माहीत. काटा पंचेचाळीसच्या किंचित पुढं थांबला. त्यानं गोणीवरचा छापील आकडा वाचला, पुन्हा काटा वाचला, आणि किलोचा दर विचारला. घासाघीस झाली, ती व्हायचीच, पण यावेळी ती दरावरून झाली. पैसे माझ्या मोबाइलवर आले. पिंजऱ्याचं दार लावता लावता त्यानं विचारलं, "हा काटा तुमचा एकटीचाच ना?"

"नाही भाऊ," मी म्हटलं, "सात घरचा आहे. उद्या खालच्या आळीत राहील."