बंद बंगल्याचं मागचं दार

ठाण्यातल्या जुन्या बंगल्यांवर बोलायला उभं राहिलं की पहिला प्रश्न भुताचा येतो. म्हणून आधीच सांगून टाकते. ज्या बंद बंगल्याबद्दल सांगणार आहे, त्यात मी सात वेळा गेले, त्यातली एक खेप दिवेलागणीची. माडीवर वटवाघळं आहेत, बाकी काही नाही.

घर नेमकं कुठलं ते सांगणार नाही. वारसांनी लेखी परवानगी दिली ती याच अटीवर. कुलूप तोडून आत शिरायचं, व्हिडिओ काढायचा, जाताना रंगीत काचा फोडायच्या, हे प्रकार हल्ली फार वाढलेत आणि मला त्याचा मनापासून राग येतो. तलावपाळीपासून चालत जाता येतं, एवढं पुरे.

आळीत त्याला ‘साहेबाचा बंगला’ म्हणतात. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली, तेव्हाच्या कुणा गोऱ्या इंजिनिअरनं तो बांधला, अशी कथा आहे. पोर्चमधल्या उखडलेल्या लाद्या मी उलट्या करून पाहिल्या. मागे भारत कंपनीचा छाप. सिमेंटच्या नक्षीदार लाद्यांची ही कंपनी मुंबईत निघाली १९२२ साली, परदेशी लादीला स्वदेशी उत्तर म्हणून. पण लादी काय, नंतरही बसवता येते. मग जिन्याखाली वाकून गर्डर पाहिला. गंजाचा पापुद्रा नखानं काढला तर खाली टाटाची अक्षरं. जमशेदपूरला पहिलं पोलाद तयार झालं १९१२ साली. अख्ख्या माडीचा भार त्या गर्डरवर आहे, तो काही मागाहून सरकवलेला नाही. म्हणजे घर आगगाडीच्या दोन पिढ्या नंतरचं. साहेबाचं तर नाहीच, कारण देवघराचा कोनाडा मूळ भिंतीतच बांधून काढलेला आहे.

श्रीमंती मात्र खरी. सागवानी जिना, संगमरवरी टेबलं, छताला झुंबराचा आकडा. झुंबर कधीच गेलं.

असं घर ओस का पडतं? आधी ते कागदावर अडकतं. मिळकत पत्रिकेवर सुरुवातीला एक नाव, त्यांच्या पश्चात तीन मुलगे, आणि आज एकोणीस वारस. कुणी पुण्यात, कुणी नागपुरात, कुणी अमेरिकेत. एकाची सही राहिली की सगळं थांबतं. त्यात १९७६ साली नागरी जमीन कमाल धारणा कायदा आला. मोठं आवार असलेल्या मालकांना जादा जागा सरकारजमा होण्याची धास्ती बसली. महाराष्ट्रात तो कायदा २००७ साली रद्द झाला, पण तोवर भावाभावांचा दावा कोर्टात उभा राहिला होता. या एकतीस वर्षांत कौलं फुटली, पाणी आत आलं. कौल बदलायला फार खर्च येत नाही हो, पण तो करायचा कुणी?

आता मागच्या दाराकडे चला. दिवाणखाना पाहुण्यांसाठी सजवलेला असतो. घर कसं चालायचं हे पाहायचं असेल तर स्वयंपाकघरात जावं. तिथं दाराच्या वर लाकडी चौकटीत विजेच्या घंटीची पाटी आहे. माडीवर कुणी बटण दाबलं की खाली त्या खोलीच्या नावाची पट्टी हलायची. पाटीवर अशा सहा खिडक्या. ‘दिवाणखाना’, ‘माडी’, ‘पाहुणे’ अशी पाचांची अक्षरं छापील. सहाव्या खिडकीत मात्र कागदाचा कपटा, त्यावर शाईनं हातानं लिहिलेलं: ‘बाईआजी’.

तार धरत गेले तर ती माडीवर जाईना. कोठीच्या शेजारच्या लहानशा खोलीत उतरली. बटण जमिनीपासून हातभर उंचीवर, म्हणजे आडवं पडूनच दाबता येईल असं. बाकीच्या खोल्यांतली बटणं पांढरीशुभ्र चिनीमातीची आहेत. याची झिलईच उरलेली नाही, मधोमध बोटाचा खळगा पडलाय.

मी मिळकत पत्रिका पुन्हा काढली. बाईआजी म्हणावं असं एकही नाव नाही. वारसांतल्या सगळ्यात ज्येष्ठ बाईंना फोन लावला. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “आजोबांच्या थोरल्या बहीण त्या. नवव्या वर्षी विधवा होऊन परत आल्या. आम्हां सगळ्यांची बाळंतपणं त्यांनी काढली. शेवटी अंथरुणावर होत्या. त्या गेल्या आणि त्याच वर्षी कुलूप लागलं.” पहिल्या मालकाच्या पश्चात वारसनोंद झाली ती मुलींनाही वडिलांच्या मिळकतीत वाटा देणाऱ्या १९५६च्या हिंदू वारसा कायद्याच्या आधी. माहेरी राहिलेल्या बहिणीला त्या नोंदीत जागा नव्हतीच.

बाईंनी नावही सांगितलं. ते मी इथं घेणार नाही, त्यांच्या घरचं आहे. पण बंगल्याचा नकाशा काढताना त्या खोलीवर ‘कोठीलगतची खोली’ असं पेन्सिलीनं लिहिलं होतं, ते खोडलं आणि शाईनं ‘बाईआजींची खोली’ असं लिहिलं. घंटीची पाटी उतरवून, कापसात गुंडाळून फोनवरच्या त्या बाईंकडे पोचती केली आहे.