पांढरा कोंबडा कोणाला विकायचा?

(दृश्य: बाजार. पिंजऱ्यातले कोंबडे.)

गिऱ्हाईक येतं आणि पांढरा कोंबडा मागतं. पांढराच. काळ इसवी सन 200च्या आसपासचा, जागा रोमन अमलाखालचा गालील प्रांत (आजचा उत्तर इस्रायल). विकणारा ज्यू, घेणारा मूर्तिपूजक. पांढरा कोंबडा तिथे देवाला चढवतात. तो विकला, तर त्या पूजेला आपलाही हात लागला! म्हणून ‘मिश्ना’ या ज्यू धर्मसंहितेच्या ‘अवोदा झारा’ या भागात मूर्तिपूजकांना काय विकू नये याची यादीच आहे. धूप, पांढरे अंजीर, पाइनची फळं आणि हा कोंबडा.

पण पोट तर भरायचं आहे. रब्बी (ज्यू धर्मपंडित) यहूदा म्हणतात, इतर कोंबड्यांसोबत खुशाल विका. एकटाच असेल, तर त्याचं एक बोट छाटा आणि विका. व्यंग असलेला प्राणी देवाला चालत नाही. (कोंबड्याचं मत कोणी विचारलेलं दिसत नाही.)

(दृश्य: रोमन सणाची मिरवणूक.)

सातर्नालियासारखा सण आला की आधीचे तीन दिवस व्यवहार बंद. उसनं द्यायचं नाही, घ्यायचं नाही, कर्जही फेडायचं नाही. गिऱ्हाईक खूश झालं, तर सणाला आपल्या देवाचे आभार मानेल ना! मग वसुली? रब्बी यहूदा म्हणतात, करा. पैसे परत देताना कोण खूश होतो? बाकीचे रब्बी म्हणतात, आज तोंड कडू होईल, पण नंतर ‘सुटलो’ म्हणून खूश होईलच.

बॅबिलोनियात (आजच्या इराकमध्ये) गेलेल्या ज्यूंना हे तीन दिवस परवडेनात. तिथे नेहार्देयाचे पंडित शमुएल यांनी बंदी फक्त सणाच्या दिवसापुरती ठेवली. पुढे मध्ययुगीन फ्रान्स-जर्मनीत शेजारी ख्रिस्ती, आणि त्यांच्या सणांना तोटा नाही. दुकान बंद ठेवलं तर उपासमार, शिवाय वैर. तिथल्या पंडितांनी मुभा दिली. दक्षिण फ्रान्समधल्या पर्पिन्यानचे पंडित मेइरी तर आणखी पुढे गेले: धर्मनियमांनी बांधलेली माणसं म्हणजे ते जुने मूर्तिपूजक नव्हेतच. सोळाव्या शतकातल्या ‘शुल्हान आरुख’ या ज्यू कायदेसंहितेतही सणाच्या दिवशीच्या व्यापाराला परवानगी आहे.

एव्हाना काही प्रेक्षकांच्या मनात आलंच असेल: या कायद्यातले ‘ते मूर्तिपूजक’ म्हणजे आपणच की! तर ऐका.

(दृश्य: तिरुमला. मुंडण केलेली कुटुंबं.)

तिरुपतीला केस देण्याचा नवस आपल्याकडे अनेकांनी फेडलेला असतो. त्या केसांचा देवस्थान लिलाव करतं आणि त्यांचे टोप जगभर विकले जातात. सनातनी ज्यूंमध्ये लग्न झालेल्या बाईने केस झाकायचे असतात, आणि अनेक जणी टोपच घालतात. मे 2004मध्ये जेरुसलेमचे वयोवृद्ध रब्बी एल्याशिव यांनी निर्णय दिला: हे केस देवाला वाहिलेले आहेत. वाहिलेल्या वस्तूचा कसलाही लाभ घेता येत नाही. ती वापरायची नाही, विकायचीही नाही, नष्ट करायची. ब्रुकलिनच्या रस्त्यावर टोपांच्या होळ्या पेटल्या. त्यातल्या काहींची किंमत हजार डॉलरच्या वर होती.

निर्णयाआधी लंडनचे रब्बी डनर यांना तिरुपतीला पाठवलं होतं. भक्तांना विचारायचं एकच: केस कापता ते देवाला देण्यासाठी, की नुसते उतरवण्यासाठी? नीलादेवीने आपले केस देवाला दिल्याची कथा पहिल्या उत्तराकडे झुकते. उलट बाजूचे रब्बी म्हणतात, कापणं कल्याणकट्ट्यावर, म्हणजे मुंडणाच्या जागी होतं, गाभाऱ्यात नाही. मूर्तीपुढे केस कोणी ठेवत नाही, मग तो नैवेद्य कसला?

वाद मिटलेला नाही. टोप घेताना केस कुठले, हे आजही विचारलं जातं, आणि रब्बींचं प्रमाणपत्र बघूनच अनेक बायका पैसे मोजतात.