डांगच्या राजांचं भाडं

(आहवा. मिरवणूक. मूळ आवाज तसाच ठेवा)

हे आहवा. डांग जिल्ह्याचं मुख्य गाव, गुजरातमधलं, पण नाशिकहून सापुताऱ्याचा घाट चढलात की पलीकडे डांगच सुरू होतो, त्यामुळे आपल्याला तसं काही लांब नाही. होळीच्या आधीचे दिवस आहेत, डांग दरबार भरलाय, म्हणजे राजांच्या सत्काराचा दरवर्षीचा मेळा, आणि बग्गीत जे फेटेवाले बसलेत ना, ते राजे. गाढवी, आमाला, वासुर्णा, पिंपरी आणि दहेर, अशी पाच राज्यं, पाचही राजे भिल्ल. पुढे पावरी वाजतेय, म्हणजे आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य, ढोल आहे, आणि एकमेकांच्या खांद्यावर चढून मनोरे करतायत तो डांगी नाच. थोडं ऐका.

(स्टेज)

आता स्टेजवर बघा. सरकारकडून राजांचा सत्कार, पान-सुपारी, आणि मग पेन्शन. बहुतेक वर्षी राज्यपाल येतात. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो, खाली काहीतरी ‘गरीब राजे’ टाइप लिहिलेलं असतं, लोक हसतात आणि पान उलटतात. इथेच गडबड होते. 1971 ला इंदिरा गांधींच्या सरकारने संस्थानिकांचे तनखे बंद केले, बडोद्याचे, कोल्हापूरचे, सगळ्यांचे. डांगचे पैसे मात्र चालू राहिले, कारण ते राजेपणाचे नव्हतेच, ते जंगलाचे होते, सरकारने भाड्याने घेतलेल्या जंगलाचे.

(घाट, जंगल, वरून घेतलेला शॉट)

मागे जाऊया. 1818 ला पेशवाई बुडाली आणि खानदेश इंग्रजांकडे आला, सोबत सातपुड्याचे आणि सह्याद्रीचे भिल्ल नाईक, म्हणजे त्यांचे प्रमुखही आले, म्हणजे कागदावर आले, प्रत्यक्षात कुणी ऐकत नव्हतं. आधी फौजा पाठवल्या, मलेरियाने अर्धी कामं तिथेच थांबली. मग 1825 मध्ये पॉलिसी बदलली. जेम्स आउट्रम नावाच्या तरुण अधिकाऱ्याने धरणगावला भिल्ल कोअर नावाची पलटण उभी केली, म्हणजे भिल्लांनाच वर्दी देऊन भिल्लांवर सोडायचं. त्याच आउट्रमने 1830 मध्ये डांगवर स्वारी केली. डांगी लोक वेगळी गोष्ट सांगतात, लश्करिया आंबा नावाच्या जागी पाचही राजे एकत्र आले आणि गोऱ्यांना मागे हटवलं. ईस्ट इंडिया कंपनीचे कागद असं म्हणत नाहीत, पण कागद लिहिणारा कोण होता हेही बघायला पाहिजे.

आणि एक गिरास नावाची भानगड होती. डोंगराखालच्या गावांनी, गायकवाडांच्या काय आणि खानदेशातल्या काय, डांगच्या भिल्लांना दरवर्षी ठरलेलं द्यायचं. तो त्यांचा हक्क. नाही दिलं की धाड. इंग्रजांनी याला लूट म्हटलं नाही, हुशार होते, ते म्हणाले गावांकडून पैसे आम्ही गोळा करतो आणि तुम्हाला आणून देतो. राजाला बरंच वाटलं असणार, घरबसल्या पैसे. पण वसुलीला स्वतः गावात उतरायची गरज संपली, आणि हक्क दाखवायची जागाही तिथेच संपली, आता पैसे मिळतात की नाही हे साहेबावर.

(सागाची झाडं, जवळून)

मग हा साग. जहाजांसाठी इंग्लंडमध्ये ओक कमी पडत चाललेला, सागाला पाण्यात कीड लवकर लागत नाही, मुंबईच्या गोदीत वाडिया हे पारशी जहाजबांधणी घराणं सागाची जहाजं बांधून देत होती, आणि मलबारचं जंगल तोडून तोडून विरळ झालेलं. डांग हाताशी होता. 1842 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने डांगच्या राजांशी लाकडाचा करार केला. साग कंपनी तोडणार, राजे वर्षाला ठरलेली रक्कम घेणार. नीट ऐका, जंगल विकलं नव्हतं. राज्यही दिलं नव्हतं. रक्कम वाटायला सगळ्यांना एका जागी बोलवायचं, तोच दरबार, आज आपण ज्याचं शूटिंग करतोय तो.

1862 ला करार नवा झाला. तोपर्यंत रेल्वे आलेली, रुळांखालच्या स्लीपरला साग पाहिजे, म्हणजे मागणी आणखी वाढली.

(वघई स्टेशन, छोटी गाडी)

ही बिलिमोरा-वघई नॅरोगेज. 1913 ची, गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने टाकलेली, साधारण 63 किलोमीटर. आता टुरिस्ट खिडकीतून रील काढतात, पण ती टाकली होती लाकूड खाली न्यायला. डब्याच्या दाराशी उभं राहिलं की झाडाच्या फांद्या हाताला लागतात, इतकं जंगल जवळ.

(लाकूड डेपो)

आणि हा डेपो. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर बघा, रंगाने नंबर टाकलाय आणि बाजूला हॅमरचा ठसा आहे, वनखात्याचा. हा ठसा असेल तरच ओंडका कायदेशीर. ज्याच्या गावात झाड वाढलं त्याने तेच झाड तोडलं तर गुन्हा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी डांगचा मोठा भाग राखीव जंगल झाला, झाडांच्या फांद्या जाळून त्या राखेत नागली पेरायची पद्धत बंद पाडली, लोकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जंगल पेटवून बंड केलं, ते मोडलं. करार लाकडाचा होता आणि हातात गेली जमीन, एवढंच यात समजायचं आहे.

1947 नंतर डांग मुंबई राज्यात आला, 1960 ला गुजरातमध्ये गेला, मराठी की गुजराती यावर मोठा वाद झाला आणि त्या वादात डांगी बोलणाऱ्याला फारसं कुणी विचारलं नाही. भाडं चालूच राहिलं.

(राजे, स्टेजवरून उतरताना)

पेन्शन एकट्या राजाला मिळते असंही नाही, नाईक आहेत, भाऊबंद आहेत, त्यांचेही वाटे. रक्कम वाढवा ही मागणी राजे दरबारात करत आलेत, आणि माझं सरळ म्हणणं आहे की भाडेकरू तोच दर वर्षानुवर्षे देत असेल आणि घर मात्र पूर्ण ताब्यात घेऊन बसला असेल तर घरमालकाला गरीब म्हणून हसण्यात काय अर्थ आहे? 2006 च्या वनहक्क कायद्याखाली इथल्या लोकांनी जमिनीचे दावे टाकलेत, पण त्या ऑफिसात कॅमेरा नेता आला नाही, त्यामुळे तो विषय वेगळ्या व्हिडिओत घेऊ.