आधी पूर्ण ऐकून घ्या

(दृश्य : दवाखान्याबाहेरची बाकं. कुणी घड्याळ पाहतंय, कुणाच्या मांडीवर जुन्या रिपोर्टांची फाइल.)

बाकावर बसलेली माणसं गप्प दिसतात, पण मनातल्या मनात त्यांची तालीम चालू असते. आत गेल्यावर आधी काय सांगायचं? चक्कर येते ते, की छातीत भरून येतं ते? रात्र रात्र झोप लागत नाही, हे सांगायचं का? घरात जे घडलं त्यानंतरच हे सुरू झालं, ते बोलायचं की नको?

नंबर लागतो. माणूस आत जातो, खुर्चीत टेकतो, "डॉक्टर, हल्ली मला..." एवढं म्हणतो आणि प्रश्न सुरू होतात. किती दिवस झाले? ताप होता का? कुठली गोळी चालू आहे? प्रश्न चुकीचे नसतात. पण त्यांची उत्तरं देता देता जुळवून आणलेली वाक्यं विस्कटतात. दोन मिनिटांनी माणूस बाहेर येतो तेव्हा हातात चिठ्ठी असते आणि जे सांगायला आला होता ते सांगायचं राहिलेलं असतं.

अशा वेळी राग फार उशिरा येतो. त्याआधी येते ती स्वतःबद्दलची शंका. आपण उगीच बाऊ करतोय का? डॉक्टरांना काही वाटलं नाही, म्हणजे काही नसेलच. आणि मग तो माणूस पुढचे कित्येक आठवडे दुखणं अंगावर काढतो. या फिल्मला त्या शंकेबद्दल बोलायचं आहे, कारण आजार वाढायला तीच सगळ्यात जास्त वेळ मिळवून देते.

(दृश्य : टेबलाच्या दोन बाजू. एका बाजूला हात घट्ट धरून बसलेला पेशंट, दुसऱ्या बाजूला लिहिणारा हात.)

पेशंटला बोलू दिलं जात नाही ही तक्रार जुनी आहे, आणि ती मोजूनही झाली आहे. १९८४ साली हॉवर्ड बेकमन आणि रिचर्ड फ्रँकेल या अमेरिकी संशोधकांनी डॉक्टर-पेशंटच्या ७४ भेटी ध्वनिमुद्रित करून तपासल्या. पेशंटनं बोलायला सुरुवात केल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला थांबवत होते. चारातल्या एकाहूनही कमी जणांना आपलं सुरुवातीचं म्हणणं पूर्ण करता आलं होतं. हा निबंध वैद्यकीय शिक्षणात गाजला, संवादकौशल्याच्या वर्गांत शिकवला गेला. पुढे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका अमेरिकी अभ्यासात थांबवण्याआधीचा मध्यक वेळ, म्हणजे सगळ्या वेळा चढत्या क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा आकडा, ११ सेकंद भरला.

डॉक्टरांना विचारलं, की का थांबवता, तर उत्तर ठरलेलं असतं. बोलू दिलं तर पेशंट थांबणारच नाही, बाहेर रांग लागली आहे. भीती खरी वाटते. स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथल्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागानं ही भीती थेट तपासून पाहिली. डॉक्टरांना सांगितलं गेलं, की पेशंट स्वतः थांबेपर्यंत मध्ये बोलायचं नाही, आणि पेशंटच्या नकळत वेळ मोजला गेला. ३३५ पेशंट. सरासरी ९२ सेकंद. दर शंभरातले ७८ जण दोन मिनिटांच्या आत आपणहून थांबले. पाच मिनिटांहून जास्त बोलणारे निघाले फक्त ७, आणि त्या सातांच्या बाबतीतही डॉक्टरांचं मत पडलं, की ते जे सांगत होते ते कामाचं होतं.

दीड मिनिट. एवढाच वेळ लागतो.

आता कुणी म्हणेल, की ऐकून घेणं चांगलंच आहे, माणसाला बरं वाटतं, पण शेवटी खरं काम तपासणीचं. इथे मला ठामपणे थांबायचं आहे. ऐकून घेणं म्हणजे वरवरचं सौजन्य, आणि निदान म्हणजे त्यानंतर सुरू होणारं काम, ही समजूतच चुकीची आहे. १९७५ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक अभ्यास छापून आला. बाह्यरुग्ण विभागात पहिल्यांदाच आलेले ८० पेशंट. डॉक्टरांनी तीन टप्प्यांवर आपलं निदान लिहून ठेवायचं : आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी वाचल्यावर, पेशंटची हकीगत ऐकल्यावर आणि अंग तपासल्यावर. शेवटी जे निदान पक्कं झालं, ते ८० पैकी ६६ जणांच्या बाबतीत आधीच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि पेशंटची हकीगत एवढ्यावरच झालेलं होतं. अंग तपासल्यानं मत बदललं ते ७ जणांबद्दल आणि रिपोर्टांमुळे आणखी ७ जणांबद्दल. तेव्हापासून यंत्रं खूप पुढे गेली. पण कुठल्या यंत्राकडे पाठवायचं, हे आजही पेशंटच्या तोंडून आलेल्या हकीगतीवरूनच ठरतं. ती हकीगत अर्धी राहिली तर चुकीची तपासणी होते, चुकीच्या जागेची होते, किंवा होतच नाही.

(दृश्य : रिपोर्टांच्या कागदांवरून सरकणारा कॅमेरा. आकड्यांसमोर 'नॉर्मल' हा शब्द पुन्हा पुन्हा.)

घाईपेक्षाही जास्त लागतं ते झटकून टाकणं. तपासण्या होतात. रक्त, लघवी, सोनोग्राफी. डॉक्टर पानं उलटतात आणि म्हणतात, "सगळं नॉर्मल आहे, तुम्हाला काही झालेलं नाही." डॉक्टरांच्या दृष्टीनं ही चांगली बातमी असते. समोरच्या माणसाच्या पोटात मात्र त्या क्षणीही दुखत असतं. त्याला ऐकू येतं ते एवढंच, की माझ्या सांगण्यावर यांचा विश्वास नाही. केलेल्या तपासण्यांत काही सापडलं नाही, हे खरं असतं. पण काही झालेलंच नाही, हे बऱ्याचदा अजून कुणालाच माहीत नसतं. "कारण मला अजून सापडलेलं नाही, आपण शोधत राहू" असं म्हणणाऱ्या डॉक्टरांबद्दल पेशंटला कमीपणा वाटत नाही. उलट तो पुढच्या भेटीला त्यांच्याकडेच परत येतो.

झटकून टाकण्याची वाक्यंही माणूस बघून ठरलेली असतात. तरुणाला सांगतात, "या वयात काय होणार आहे?" म्हाताऱ्याला सांगतात, "आता वयोमानानुसार हे चालायचंच." जाड माणूस गुडघा घेऊन आला काय आणि धाप लागते म्हणून आला काय, "आधी वजन कमी करा." आणि ज्याच्या फायलीत कधीकाळी नैराश्याचा किंवा चिंतेचा आजार लिहिला गेला, त्याच्या छातीतली कळसुद्धा मनाचीच धरली जाते. यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या पेशंटच्या बाबतीत खरं असतं, म्हणूनच ते जिभेवर इतकं सहज येतं. समोर बसलेल्या या माणसाच्या बाबतीत ते खरं आहे का, हे पाहायचं तेवढं राहून जातं.

बायकांच्या वाट्याला हे अधिक येतं. एंडोमेट्रिऑसिस नावाचा आजार घ्या. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढते आणि पाळीत, कधी पाळी नसतानाही, असह्य वेदना होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात सुमारे १९ कोटी मुली आणि स्त्रियांना हा आजार आहे, म्हणजे प्रजननक्षम वयातल्या दहांपैकी साधारण एकीला. तरी निदान व्हायला अनेकींना कित्येक वर्षं लागतात. साध्या सोनोग्राफीत तो दिसेलच असं नाही, आणि पक्कं निदान करणारी सोपी रक्ततपासणी नाही. डॉक्टरांना वाट दाखवायला मुख्यतः त्या मुलीचं सांगणंच असतं, आणि त्या सांगण्याला पहिलं उत्तर मिळतं, "पाळीत दुखतंच." घरात मिळतं, शाळेत मिळतं आणि मग दवाखान्यातही मिळतं. तिसऱ्या ठिकाणी तेच ऐकल्यावर ती मुलगी सांगणं सोडून देते.

(दृश्य : रिकामी तपासणी खोली. संगणकाच्या पडद्यावर नावांची लांब यादी.)

आता टेबलाच्या पलीकडे जाऊ. ही फिल्म डॉक्टरांवर खटला भरायला केलेली नाही. पलीकडे बसलेला माणूसही त्याच घड्याळाखाली दबलेला आहे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात ६७ देशांत प्राथमिक आरोग्यसेवेतल्या डॉक्टरांशी होणारी भेट किती वेळ चालते ते एकत्र मांडलं गेलं. बांगलादेशात सरासरी ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. जगाची जवळजवळ अर्धी लोकसंख्या ज्या १८ देशांत राहते, तिथे ही भेट पाच मिनिटं किंवा त्याहून कमी. ४८ सेकंदांत कुणी कुणाचं काय ऐकणार? तिथे डॉक्टरांच्या स्वभावाला दोष देणं म्हणजे मूळ प्रश्न टाळणं आहे.

जिथे मिनिटं थोडी जास्त आहेत, तिथे ती कागदपत्रांत जातात. अमेरिकेतल्या २०१६ च्या एका अभ्यासात दिसलं, की पेशंटबरोबर घालवलेल्या प्रत्येक तासामागे डॉक्टरांचे जवळपास दोन तास नोंदी आणि टेबलकामात जातात. २०२२ मध्ये तिथल्याच संशोधकांनी आणखी एक हिशेब मांडला. २५०० पेशंटची जबाबदारी असलेल्या एका फॅमिली डॉक्टरनं सगळ्या मार्गदर्शक सूचना पाळून काम करायचं ठरवलं, तर दिवसाला २६.७ तास लागतील. दिवस २४ तासांचा. मग डॉक्टर कुठून तरी वेळ कापतो, आणि कापायला सगळ्यात सोपं असतं ते पेशंटचं बोलणं, कारण त्याची कुठे नोंद होत नाही आणि त्याचा जाबही कुणी विचारत नाही. किती पेशंट पाहिले हे मोजलं जातं. किती जणांचं पूर्ण ऐकलं, हे कुठल्याच रजिस्टरात नसतं.

तरीही त्याच तोकड्या मिनिटांत काही डॉक्टर वेगळं वागतात, आणि त्यांचे पेशंट ते अचूक ओळखतात. १९९७ मध्ये अमेरिकेत एक तुलना झाली. ज्या प्राथमिक डॉक्टरांवर पेशंटनी कधी दावा ठोकला नव्हता आणि ज्यांच्यावर ठोकला होता, त्यांचं पेशंटशी बोलणं तपासलं गेलं. दावे नसलेले डॉक्टर सरासरी साधारण तीनच मिनिटं जास्त देत होते. पण ते आधी सांगत होते, की मी तुम्हाला तपासतो, मग आपण बोलू, तुमचे प्रश्न असतील तर त्यांना वेळ ठेवतो. ते पेशंटचं मत विचारत होते, पुढे बोलायला उत्तेजन देत होते आणि हसतही जास्त होते.

प्रश्न कसा विचारला जातो, यानंही फरक पडतो. "अजून काही नाही ना?" असं विचारलं, की माणूस मान हलवून उठतो. "अजून काय सांगायचं आहे?" असं विचारलं, की तो पुन्हा बसतो. या फरकाचा अभ्यास अमेरिकेतल्या फॅमिली डॉक्टरांबरोबर २००७ मध्ये झाला. सांगायचं आहे असं गृहीत धरून विचारलेल्या प्रश्नानं पेशंटच्या मनात राहून जाणाऱ्या तक्रारी ७८ टक्क्यांनी घटल्या, आणि भेटीचा वेळ म्हणावा तसा वाढला नाही. हा प्रश्न सुरुवातीलाच विचारायला हवा. नाहीतर खरी गोष्ट निघते ती दाराला हात लावल्यावर : "हां डॉक्टर, आणखी एक, हल्ली शौचाला रक्त पडतं." हा अनुभव नसलेला डॉक्टर सापडणं कठीण आहे. ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते, तेच माणूस सगळ्यात शेवटी बोलतो.

(दृश्य : ओळखीच्या आवाजातली विचारपूस. चेहरे दिसत नाहीत, फक्त दोन खुर्च्या.)

आणि ओळखीला वेळ लागतो. नॉर्वेत सुमारे ४५ लाख लोकांच्या नोंदी तपासून एक मोठा अभ्यास झाला. ज्यांचा फॅमिली डॉक्टर १५ वर्षांहून अधिक काळ तोच होता, त्यांची तुलना वर्षभराचीच ओळख असलेल्यांशी केली. जुन्या ओळखीच्या गटात अवेळी तातडीनं डॉक्टर गाठण्याचं प्रमाण ३० टक्क्यांनी, रुग्णालयात दाखल होण्याचं २८ टक्क्यांनी आणि मृत्यूचं २५ टक्क्यांनी कमी होतं. ओळख जितकी जुनी, तितका फायदा वाढत गेलेला दिसतो. हा माणूस कधी कुरकुरत नाही, आज कुरकुरतोय, म्हणजे काहीतरी आहे, हे पहिल्यांदाच भेटलेल्या डॉक्टरला कळू शकत नाही. दर वेळी नवा डॉक्टर समोर येईल अशी व्यवस्था उभी करणारे लोक नेमकं काय गमावतात, ते या आकड्यांत आहे.

जेस ब्रेडी ही इंग्लंडमधली २७ वर्षांची इंजिनिअर. २०२० मध्ये तिनं काही महिन्यांत आपल्या फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्याशी वीसहून अधिक वेळा संपर्क साधला. कर्करोगाचं निदान झालं तेव्हा तो सगळीकडे पसरला होता, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती गेली. तिच्या आईवडिलांनी पाठपुरावा सोडला नाही. २०२५ मध्ये इंग्लंडच्या आरोग्यसेवेनं तिच्या नावानं एक नियम लागू केला : तीच लक्षणं घेऊन, किंवा ती वाढली म्हणून, पेशंट तिसऱ्यांदा आला आणि निदान झालेलं नसेल, तर डॉक्टरांनी थांबून पहिल्यापासून नव्यानं विचार करायचा. पुन्हा तपासायचं, प्रत्यक्ष भेटायचं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं किंवा तज्ज्ञाकडे पाठवायचं.

असा नियम नाही तिथेही पेशंटला हे बोलता येतं. आजारी माणसानं दवाखान्यात जाऊन वाद घालावा अशी अपेक्षा करणं अन्यायाचं आहे. ताप अंगात असताना कुणाला भांडायचं बळ असतं? म्हणून घरून निघतानाच कागदावर लिहून न्यावं. ज्याची सगळ्यात जास्त काळजी वाटते ते सगळ्यात वर. कधी सुरू झालं, काय केलं की वाढतं, त्यामुळे कुठलं रोजचं काम थांबलं. मनात ज्या आजाराची भीती आहे, त्याचं नावही घ्यावं. जमलं तर सोबत कुणाला तरी न्यावं. उठण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्यात : हे नसेल तर दुसरं काय असू शकतं? आणि किती दिवसांत बरं वाटलं नाही तर परत यायचं? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तारखेसकट त्याच कागदावर लिहून घ्यावं. आणि तरी बरं वाटलं नाही, तर तिसऱ्या खेपेला खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य हे म्हणावं : "डॉक्टर, याच दुखण्यासाठी मी तिसऱ्यांदा आलेय."